पाजण्याआधीचं दूध

८ जानेवारी, औंढा

सकाळी खोली उघडली तर डीप फ्रीजरचा आकडा उणे वीसच्या जागी उणे अकरा. वीज कधी गेली, किती वेळ नव्हती, शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही सांगता येईना. "मॅडम, लाईट काय सांगून जाते का?" म्हणाला. दुधाच्या नळ्या गोठलेल्याच दिसल्या, पण मधल्या काळात वितळून पुन्हा गोठल्या नाहीत असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून लिहिलं: तापमान वाढले, कालावधी अज्ञात. दुपारी पुण्याहून प्रकल्पप्रमुख सरांचा फोन. 'अज्ञात' हा शब्द त्यांना चालत नाही. मला तरी कुठे चालतो?

इतकी वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी बर्फाची पेटी स्कूटरवर पायाशी ठेवून बाळंतिणींची दारं वाजवते. काम मात्र मनासारखं आहे. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथल्या चांगल्या जिवाणूंचं अन्न होतात. ते जिवाणू वाढले की पोटात आंबटपणा राहतो आणि रोगजंतूंना जागा मिळत नाही. कोणत्या आईच्या दुधात कोणती साखर किती, आणि तिच्या बाळाच्या पोटात कोण राहतं, हे पुण्याची प्रयोगशाळा तपासणार. आईचं दूध आणि बाळाची शी गोळा करायची जबाबदारी माझी.

नवऱ्याला, विजयकुमारला, जेवताना हे सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो, पण घरी येताना गांभीर्य शाळेतच ठेवून येतो. म्हणाला, "म्हणजे स्वयंपाक लेकरासाठी आणि जेवून जाणार भाडेकरू?" मला हसू आलं नाही. लोकांना समजेल असं कसं सांगायचं हाच प्रश्न आहे, आणि यांना विनोद सुचतात.

१० जानेवारी

शिरड शहापूर. आशाताई सोबत होत्या. त्यांचं नावच आशाबाई, त्यामुळे "मी डबल आशा हाय" असं त्या प्रत्येक घरी सांगतात आणि प्रत्येक घरी हसतात.

आजचं घर नवीन. सरिता, वय बावीस, बारावी झालेली. पहिलंच बाळ, महिना उलटून गेलेला. नाव धम्मानंद, हाक मारतात धम्मू. सरिताला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. नवरा भीमराज वारंगा फाट्याला एका गॅरेजात कामाला आहे, आठवड्याला येतो. घरात सासू जनकाबाई, ही आणि बाळ. दारात एक शेळी.

मी नेहमीसारखं सगळं समजावलं. बाकी घरांत बायका मान हलवतात आणि पंपाकडे बघत राहतात. सरिता मात्र मांडीवरचं बाळ विसरून ऐकत होती. वर्गात पहिल्या बाकावर अशी एखादीच मुलगी असायची.

"म्हंजे मॅडम, माझ्या दुधात अशी साखर हाय की ती ह्याला पचत न्हाई?"

"हो. कुठल्याच बाळाला पचत नाही."

"मंग त्याचं पोट दुखत असंल का त्यानं?"

मी म्हटलं, नाही, ती वरच्या भागात शोषलीच जात नाही, सरळ खाली जाते. तिने दोनदा मान हलवली.

नियम असा की बाळाला पाजण्याआधी एका बाजूचं दूध पंपाने काढायचं, हलवून एकजीव करायचं, त्यातलं नळीभर घ्यायचं. सरिताने विचारलं, "म्हणून तुमी पाजायच्या आधीच काढता व्हय?" मी म्हटलं, हो, नियमच आहे तसा. उरलेलं चमच्याने बाळाला पाजावं असं कागदावर आहे, पण धम्मू झोपला होता. "ह्याचं काय करू?" तिने विचारलं. मी पेटी बंद करत होते. म्हटलं, राहू द्या, टाकलं तरी चालेल. थोडंच होतं.

जनकाबाईंनी चहाचं विचारलं. उशीर होत होता, नको म्हटलं.

या मुलीमुळे आज बरं वाटलं. निदान एका घरी तरी मी काय करते आहे ते पोचलं.

१७ जानेवारी

त्याच गावात उत्तमराव पाटलांचा वाडीकडचा मोठा बंगला. सून प्रतिक्षा, बाळ अडीच महिन्यांचं. माझा ठरलेला प्रश्न: "बाळाला आईच्या दुधाशिवाय दुसरं काही देता? पाणी, मध, गाईचं दूध?" सासूने छातीवर हात ठेवून सांगितलं, "काहीसुदिक न्हाई. निस्तं अंगावरचं."

आणि खिडकीत सहाण. वर वेखंड आणि हळकुंड उगाळल्याच्या ओल्या रेघा. बोट लावलं असतं तर पिवळं झालं असतं.

इथल्या बायका खोटं बोलत नाहीत. घुटी हे त्यांच्या लेखी खाणं नाहीच, औषध आहे. मी खाण्याबद्दल विचारते, त्या खाण्याबद्दल सांगतात. पण माझ्या सगळ्या नोंदींचं काय? मी काही बोलले नाही. पोहे आले, चहा आला, उत्तमराव स्वतः येऊन बसले आणि पुण्याच्या प्रयोगशाळेची चौकशी करू लागले. त्यात ते राहूनच गेलं. रकान्यात 'फक्त आईचे दूध' लिहिलं आणि पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं. पेन्सिलीने का? खोडता यावं म्हणून का? हे बरं नव्हे.

संध्याकाळी फ्रीजर पुन्हा बंद. इन्व्हर्टरवाला "उद्या" म्हणतो. त्याचा उद्या डिसेंबरपासून चालू आहे.

२४ जानेवारी

धम्मूचं वजन वाढलेलं नाही. दोन आठवड्यांपूर्वी होतं तेच. आधी काट्यावर शंका घेतली. चौकातल्या किराणा दुकानात नेऊन किलोचा पुडा ठेवून पाहिला. काटा बरोबर. दुकानदार म्हणाला, "आमच्या पुड्यावर शक हाय का काट्यावर?"

सरिता ओढलेली दिसली. बोटं दुखतात म्हणाली. मी म्हटलं, बाळाला धरून धरून दुखत असतील, उशी घ्या खाली. पाजल्यावर बाळ थोड्या वेळात पुन्हा रडतं, छातीशी धरलं की ओढून ओढून दमतं. दिवसाला किती वेळा पाजता? तिने बरोबर सांगितलं, वेळा पुरेशा आहेत. धरण्याची पद्धत पाहिली, ठीक आहे. मग दूध जातं कुठे?

निघताना मागच्या न्हाणीजवळ एक स्टीलची वाटी पालथी दिसली. आतून कडेला पांढरी रेघ, आणि खाली मुंग्यांची रांग लागलेली.

वाटी. बाळ महिन्या-दीड महिन्याचं, घरात दुसरं लहान मूल नाही, आणि वाटीत दूध. बाळाला वरचं दूध पाजत असतील. दारातल्या शेळीकडे माझं लक्ष गेलं.

काही बोलले नाही. आधी खात्री.

२९ जानेवारी

धम्मूला घेऊन सरिता, आशाताई आणि मी सरकारी दवाखान्यात. डॉक्टरांनी नीट तपासलं. संसर्ग नाही, टाळू ठीक, जीभ ठीक. "दूध पुरत नसेल," म्हणाले. "आठ-दहा दिवस बघू. नाही वाढलं तर वरचं दूध सुरू करा, उगाच हट्ट नको." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. बाळ उपाशी ठेवून शास्त्र होत नाही.

पण सरिताचा चेहरा. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "माझंच दूध खराब हाय." मी म्हटलं, असं काही नसतं. आणि मग दूध कसं तयार होतं, बाळ जितकं ओढेल तितकं कसं वाढतं, ते समजावलं. ती ऐकत होती. ती नेहमीच ऐकते.

३१ जानेवारी

धम्मूच्या शीचा नमुना घेतला आणि खोलीत आंबटपणा मोजायची पट्टी लावून पाहिली. चांगलीच आंबट. म्हणजे साखरा पोचताहेत, जिवाणू मजेत आहेत. शेळीचं किंवा पावडरचं दूध चालू असतं तर इतका आंबटपणा राहिला नसता. हे माझ्या शंकेच्या विरुद्ध जातं. पट्ट्यांची डबी जुनी आहे, झाकण सैल आहे. तिच्यावर किती विसंबायचं?

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "टॉप फीड असणार, वरचं दूध. ग्रामीण भागात सासवा देतातच. कन्फर्म करा, नाहीतर केस वगळा." वगळा म्हणणं सोपं आहे. वगळल्याने बाळाचं वजन वाढणार आहे का?

५ फेब्रुवारी

आज मी जे केलं ते जसं घडलं तसं लिहिते.

सरिता बाळाला घेऊन आत होती. वाटी आज ओट्यावर, धुतलेली, तरी कडेला तीच रेघ. मी जनकाबाईंना विचारलं, "वाटीने काय पाजता तुम्ही बाळाला?"

"काही न्हाई."

"बघा, मला खरं सांगा. रागवणार नाही मी. शेळीचं दूध देता ना?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोण म्हणलं?"

"कुणी म्हणायला कशाला पाहिजे? वाटी दिसते, शेळी दिसते. बाळाचं वजन थांबलंय. त्याच्या पोटात काय जातंय हे तुम्ही लपवलं तर नुकसान त्याचंच आहे."

जनकाबाई उठल्या. शेळीला कानाला धरून माझ्यासमोर आणली. "पाहा. नीट पाहा. शिकल्या-सवरल्या हात ना तुमी? गाभण हाय ती! दोन म्हैने झाले आटून. दूध कुठून देईल, शिंगातून?"

आशाताई हसल्या आणि लगेच तोंडावर पदर धरला. मला थांबता आलं असतं. मी म्हटलं, "मग दुसरीकडून आणत असाल."

"मी खोटी हाय म्हंता?"

मी उत्तर दिलं नाही. न दिलेलं उत्तरही उत्तरच असतं.

"पाटलाच्या घरी असं बोलला असता का हो, मॅडम? त्या सहाणीला काही म्हणला का तुमी? आख्ख्या गावाला म्हाईत हाय त्या घरी पाचव्या दिशीच घुटी चालू झाली. तिथं बसून पोहे खाल्ले तुमी." आवाज चढलेला नव्हता, ते जास्त लागलं. "उठा. काटा घ्या आन् उठा. माझ्या नातवाला मी चांगली वाढवते का न्हाई, ते मोजायला येऊ नका."

सरिता दारात उभी होती.  बाळ तिच्या खांद्यावर रडत होतं.

६ फेब्रुवारी

दिवसभर डोक्यात तेच. विजयकुमारला सांगितलं. आज त्याने विनोद केला नाही. विचारलं, "उत्तमरावांकडे का नाही विचारलंस?"

विषय निघाला नाही म्हणून. बाळाचं वजन तिथे छान होतं, घाई नव्हती. इथे बाळ धोक्यात होतं, म्हणून मी स्पष्ट बोलले. ही कारणं खरी आहेत. मी तपासून पाहिली. जातीपातीचा मुद्दा माझ्या मनात नव्हता. तो माझ्या मनात कधीच नसतो. त्यांच्या मनात असेल तर मी काय करू?

दोनदा वाचलं हे. शेवटचं वाक्य खोडावंसं वाटतंय, पण का खोडावंसं वाटतंय ते कळत नाही, म्हणून राहू देते.

इन्व्हर्टरवाला आला. बॅटरी न बघता म्हणाला, बॅटरी गेली.

११ फेब्रुवारी

सकाळी आशाताईंचा फोन. "मॅडम, भीमराज आलाय. फाट्यावरून पावडरचा डबा घेऊन आला. आज सुरू करून राहिले. पोरगी रडून रडून हैराण हाय. तुमी या."

"त्यांनी मला हाकललंय, आशाताई."

"मला बी लोकं रोज हाकलतात. मी जाते का घरी?"

काटा नेला नाही, पेटी नेली नाही. दारात भीमराज. हडकुळा, काळ्या ऑईलचे हात. "या मॅडम. आईचं मनावर घेऊ नका. पण आता डबा उघडणार हाय मी. लेकरू कसं झालंय पाहा तुमी." पाहिलं. गाल उतरलेले. जनकाबाई त्याला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"सरिता कुठाय?" आशाताईंनी विचारलं.

"मागं," भीमराज म्हणाला. "पाजायची तयारी करते."

मागे न्हाणीच्या आडोशाला ती आमच्याकडे पाठ करून बसली होती. पुढे वाटी. दोन्ही हातांनी दाबून दूध पिळत होती. सवयीचं काम असावं तसं, चपळाईने. वाटी निम्म्याला आली होती. आत बाळ भुकेने किंचाळत होतं आणि ही दूध वाटीत काढत होती.

"हे काय करताय?" मी ओरडलेच.

ती दचकली नाही. उलट तिला बरं वाटलेलं दिसलं. "मॅडम, आलात? तेच काढून टाकते. न पचणारं."

"काय?"

"ते साखरेचं. तुमीच सांगितलं ना, ह्याला पचत न्हाई अशी साखर हाय. आन् तुमी पाजायच्या आधी काढून नेता. उरलेलं बी टाका म्हणला." मग शांतपणे, वर्गात उत्तर द्यावं तशी म्हणाली, "तुमी आठ-पंधरा दिसाला एकदा येता. मंग बाकीच्या दिवशी कोण काढंल? म्हणून मीच काढते. पाजायच्या आधी, दर टायमाला, दोन्हीकडून."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

"रोज? रात्रीसुद्धा?"

"रातच्याला बी. बोटं दुखतात, पण त्याला बाधलं तर? एवढं काढून बी वजन वाढंना, मंग म्या अजून जास्त काढाया लागले. म्हणलं, पुरतं निघत नसंल."

जनकाबाई बाळाला घेऊन दाराशी आल्या होत्या. आशाताईंनी त्यांना विचारलं, "मावशी, तुमी बघितलं न्हाई हे?"

"बघितलं की. आमी बी उन्हातून, रानातून आलो की पहिल्या धारा पिळून टाकायचो. तापलेलं दूध लेकराला बाधतं म्हून. ही घरातच बसून पिळते म्हणल्यावर मला जरा नवल वाटलं. पण म्हणलं, मॅडमनं सांगितलं असंल. शिकलेल्या हायेत."

 माझं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मी सुरुवात केली, "सरिता, ती साखर बाळाला पचत नाही हे खरंच, पण..."

"मॅडम!" आशाताईंनी माझा दंड धरला. "परत तेच नका सांगू!"

मी थांबले. मग म्हटलं, "सगळं दूध त्याचंच आहे. पहिला थेंबसुद्धा. काही काढायचं नाही. आत्ता, याच क्षणी त्याला पाजा."

तिने बाळाला घेतलं. पण लावलं नाही. "मंग ते न पचणारं?"

इतक्या दमलेल्या अवस्थेतही तिला समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, त्याच्या पोटात चांगले जंतू असतात, ते त्याची राखण करतात, त्यांच्यासाठी आहे ते.

"जंतू?" जनकाबाई एक पाऊल पुढे आल्या. "लेकराच्या पोटात जंतू हायेत?"

हे संपणार नव्हतं.  भीमराज दारातून म्हणाला, "चांगले म्हणून राहिल्या ना त्या, आई. दह्यात नसतात का?"

सरिता विचार करत होती. मग हळूच म्हणाली, "म्हंजे रानात सालदार ठेवला तर त्याची भाकर बी घरातूनच जाते, तसं? आपण खात न्हाई ती, पण करावी लागते."

"तसंच," मी म्हटलं. "अगदी तसंच."

"मंग म्या त्याची भाकर टाकून देत होते. आन् लेकराची बी."

"सालदाराची भाकर तोडली तर तो राहतो व्हय?" जनकाबाई म्हणाल्या. "आमच्या मालकानं सारी जिंदगी सालदारी केली. आमाला इचारा."

सरिताने बाळाला छातीशी धरलं. एक बाजू अजून पिळायची राहिली होती; अशी भरलेली छाती त्याला कित्येक दिवसांत मिळाली नसावी. पहिल्यांदा ठसका लागला, दूध नाकातोंडात गेलं, मग तो प्यायला लागला. घोट ऐकू येत होते. 

जनकाबाईंची माफी मागितली. म्हटलं, तुम्ही खरं बोलत होतात, मी तुम्हाला खोटं ठरवलं. त्या म्हणाल्या, "व्हय. ठरवलं."  मग, "चहा घेता का? का आज बी उशीर होऊन राहिला?"

प्याले. मागे दरवेळी का नाही प्याले ते आठवून पाहिलं. घाईत होते, एवढंच आठवतं. उत्तमरावांकडे घाई का नव्हती, ते आठवत नाही.

१२ फेब्रुवारी

पाजताना शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं. सरिता पुढचं टाकत होती, मागचं थोडं बाळाला मिळत होतं. म्हणून तो एकदम ढासळला नाही, अडकून राहिला. शी आंबट होती तीही म्हणूनच. साखर सगळ्याच दुधात असते, कमी पोचली तरी पोचत होती. पट्ट्या बिघडलेल्या नव्हत्या. मला नको ते सांगत होत्या, इतकंच.

सरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे टॉप फीड नव्हतं! मग केस ठेवता येईल. गुड." मी म्हटलं, सर, आपल्या स्पष्टीकरणामुळे एका बाळाला अपाय झाला, हे संशोधनाच्या नैतिकता समितीला कळवायला हवं. त्यांनी विचारलं, "स्पष्टीकरण चुकीचं होतं का?" नव्हतं. "मग काय कळवणार? आईने अर्थ काढला, त्याला आपण काय करणार?" मी म्हटलं, आईने ऐकलं, हेच कळवणार. ते म्हणाले, भावनेच्या भरात काही लिहू नका.

लिहिलं. भावना काढून तीनदा लिहिलं आणि पाठवलं. भावना काढल्यावर ते फार छोटं झालं.

१४ फेब्रुवारी

काल आणि आज बाकीच्या सगळ्या घरी जाऊन आले. प्रत्येकीला एकच प्रश्न: मी दुधाबद्दल जे सांगितलं होतं, त्यातून तुम्ही काय समजलात?

पुसेगावची एक म्हणाली, "साखर कमी खायची म्हणला होता." दुसरी म्हणाली, "तुमी लई वेळ बोलला, तवा मी भाजीचा विचार करत होते." प्रतिक्षाच्या बंगल्यात तीच सहाण. प्रतिक्षा हसून म्हणाली, "सॉरी मॅडम, माझं लक्षच नव्हतं." बाळ गुटगुटीत.

एकीनेही दूध टाकलेलं नाही. सुटले म्हणायचं? एकीलाही माझं बोलणं कळलं नाही म्हणून त्यांची बाळं धडधाकट. जिने मन लावून ऐकलं, तिचंच वाळलं. वीस वेळा सांगितलेलं एकाच डोक्यात गेलं आणि तिथे जाऊन त्याने हे केलं. कुणावर चिडू?

प्रतिक्षाच्या सासूला आज घुटीचं विचारलं. सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हय, देते. तुमी कवा इचारलंच न्हाई." विचारलं होतं, घुटीचं नाव न घेता. पण पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडून पेनाने लिहिलं. पोहे नको म्हटलं, त्यांना ते आवडलं नाही.

२० फेब्रुवारी

धम्मूचं वजन वाढलंय. काटा जनकाबाईंनीच मागितला, "घ्या आता, मोजा." भीमराजचा डबा फोडलेला नाही. दुकानदार परत घेत नाही म्हणून तो वैतागलाय.

सरिताने विचारलं, "ह्याच्या मेंदूवर तर काही झालं नसंल ना, मॅडम? तेवढ्या दिवसांत?" मी म्हटलं, डॉक्टर पुढच्या महिन्यात पाहतील, खेळतोय, बघतोय, लक्षणं चांगली आहेत. ते खरं आहे. "काही झालेलं नाही" हे मला म्हणता आलं नाही, कारण माहीत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दुसरं कुणी असतं तर ठामपणे नाही म्हणून मोकळं झालं असतं, आणि तिला आज झोप लागली असती. घरी येईपर्यंत याच एका वाक्यावर माझं माझ्याशी भांडण चाललं होतं.

पुण्याहून समितीचं उत्तर नाही.

२८ फेब्रुवारी

आज सरिताच्या दुधाचा शेवटचा नमुना घ्यायचा होता. फ्रीजर चालू, नव्या बॅटरीसह. बर्फ भरला, नळ्यांवर क्रमांक टाकले, वेळेआधी पोचले.

धम्मू जागा होता. मांड्यांना वळ्या पडायला लागल्यात. मी पंप काढला तशी सरिता म्हणाली, "आज देत न्हाई, मॅडम."

"काय झालं? दूध कमी आहे का?"

"न्हाई. चिक्कार हाय. पाझरतंय." तिने बाळाला पदराखाली घेतलं. "पण तुमीच म्हणला ना, सगळं त्याचं हाय."

नळीभर तर लागतं, त्याने काही कमी पडत नाही, हे माझ्या तोंडावर आलं. हा शेवटचा नमुना नसला तर आधीचे सगळे अपुरे राहतात, हेही आलं. दोन्ही खरं होतं. तिला समजावलं असतं तर तिने ऐकलंही असतं.

"नळीभर?" इतकंच म्हटलं.

"नळीभर बी त्याचंच."

आतून जनकाबाईंचं हसणं ऐकू आलं. "मागा अजून! तुमच्याच शाळेतली हाय ती!"

मी पंप परत पिशवीत ठेवला. फॉर्मवर नमुना न मिळाल्याची कारणं छापलेली आहेत: आई आजारी, घरी नाही, दूध अपुरे, नकार. नकारावर खूण करायला पेन टेकवलं आणि उचललं. सरांचा फोन येईल, वगळा म्हणतील, म्हणू देत. बाजूच्या रिकाम्या जागेत, पेनाने, लिहिलं: दूध भरपूर आहे. आईने सगळे बाळाला पाजले.